प्रतलातल्या वक्राचा जीनस हाताने कसा काढावा

बीजगणितीय वक्रांवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा, पहिल्या परिच्छेदातच जीनस येतो, म्हणजे वक्राला पृष्ठभाग मानलं तर त्याला असलेल्या भोकांची संख्या. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला त्याची व्याख्या पाठ असते, सूत्रही पाठ असतं. पण एखादं समीकरण समोर ठेवून ‘याचा जीनस काढ’ म्हटलं की गाडी अडते. अडचण सूत्रात नसते. अनंतावरचे बिंदू पाहायचे राहून जातात, ब्लो-अप (वक्र स्वतःला छेदतो किंवा टोकदार होतो असे सिंग्युलर बिंदू उलगडण्याची क्रिया) अर्ध्यावर सोडलं जातं किंवा फील्ड, म्हणजे ज्या संख्यांवर काम चालतं ती प्रणाली, अपुरं घेतलेलं असतं. म्हणून इथे एकच वक्र शेवटपर्यंत सोडवला आहे, तोही एकमेकांवर न विसंबणाऱ्या वेगवेगळ्या मार्गांनी. जीनस एका मार्गाने काढला तर तो अंदाजच समजावा. दोन मार्गांनी तोच आला की पुढे जावं.

लेखात एक्स, वाय, झेडच्या जागी क्ष, य, झ आहेत. वहीत तुम्ही तुमची रोजची अक्षरं वापरा. फील्ड वेगळं सांगितलं नसेल तिथे कॉम्प्लेक्स संख्या धरा.

सूत्र आणि त्यातली अट

वक्राचा घात घ असेल तर

जीनस = (घ − १)(घ − २)/२ − (सर्व सिंग्युलर बिंदूंच्या डेल्टांची बेरीज)

पहिल्या पदाला अरिथमेटिक जीनस म्हणतात. तो फक्त घातावर ठरतो: घात ३ ला १, ४ ला ३, ५ ला ६, ६ ला १०, ७ ला १५. प्रत्येक सिंग्युलर बिंदू त्यातून काहीतरी वजा करतो, आणि सगळी मेहनत ते ‘काहीतरी’ काढण्यात असते. बिंदूची बहुलता, म्हणजे तिथल्या स्थानिक समीकरणातला सर्वांत कमी घात, ब असेल तर तो ब(ब − १)/२ वजा करतो. शिवाय ब्लो-अप केल्यावर त्याच्या वर जे नवे बिंदू निघतात तेही आपापल्या बहुलतेप्रमाणे वजा करतात, आणि सगळे बिंदू स्मूथ, म्हणजे बहुलता १ चे, होईपर्यंत हे चालतं. या सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या बिंदूचा डेल्टा.

अट अशी की वक्र अविभाज्य हवा, आणि तोही फील्ड कितीही वाढवलं तरी. परिमेय संख्यांवर अविभाज्य असणं पुरत नाही. क्ष⁴ − २य² = ० घ्या. परिमेय सहगुणकांत याचे अवयव पडत नाहीत. याला दोन सिंग्युलर बिंदू आहेत, एक आरंभबिंदूवर आणि एक अनंतावर, आणि प्रत्येकाचा डेल्टा २. सूत्रात घातलं तर ३ − २ − २ = −१. जीनस ऋण कसा असेल? √२ हाताशी घेतला की लगेच (क्ष² − √२ य)(क्ष² + √२ य) असे दोन तुकडे दिसतात. उत्तर ऋण आलं तर आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी अवयव पाडून पाहा. उलट, उत्तर धन आलं म्हणून वक्र अविभाज्य आहे असं मात्र म्हणता येत नाही.

मुख्य उदाहरण: य² = क्ष⁵ + १

पहिली पायरी समघाती करण्याची. घात ५, म्हणून प्रत्येक पदाला झ जोडून घात ५ करा:

य²झ³ − क्ष⁵ − झ⁵ = ०

आता तिन्ही पार्शल डेरिव्हेटिव्ह शून्य करा. क्षच्या दिशेने −५क्ष⁴, म्हणजे क्ष = ०. यच्या दिशेने २यझ³. झच्या दिशेने ३य²झ² − ५झ⁴. झ शून्य नसेल तर दुसऱ्यावरून य = ०, मग तिसऱ्यावरून झ = ०, हा विरोध. म्हणून झ = ० आणि उरला एकच बिंदू, [० : १ : ०]. तो अनंतावर आहे. कागदावर काढलेल्या आलेखात हा वक्र सगळीकडे गुळगुळीत दिसतो, त्यामुळे समघाती न करता सुरुवात करणाऱ्याला एकही सिंग्युलर बिंदू सापडत नाही आणि तो उत्तर ६ लिहून मोकळा होतो.

इथे एक बारकावा आहे. तिन्ही डेरिव्हेटिव्ह शून्य झाले की मूळ समीकरण आपोआप शून्य होतं, हे ऑयलरच्या सूत्रामुळे. पण फील्डचं कॅरॅक्टरिस्टिक (१ स्वतःत किती वेळा मिळवला की ० होतो ती संख्या; कधीच होत नसेल तर ०) घाताला भागत असेल तर ते आपोआप होत नाही. सांत फील्डवर काम करताना मूळ समीकरणही वेगळं तपासावं.

त्या बिंदूपाशी जाण्यासाठी य = १ ठेवा: झ³ − क्ष⁵ − झ⁵ = ०. सर्वांत कमी घाताचं पद झ³, म्हणून बहुलता ३. इथे पुष्कळ जण थांबतात, ३ × २/२ = ३ वजा करतात आणि जीनस ३ लिहितात. तेही चूक.

ब्लो-अप करायचं ते असं. झ³ = ० ही तिहेरी स्पर्शिका, म्हणजे वक्र झ = ० या रेषेला धरून बिंदूत शिरतो. म्हणून झ = क्ष·झ₁ ठेवा:

क्ष³झ₁³ − क्ष⁵ − क्ष⁵झ₁⁵ = ०

क्ष³ ने भागा. बरोबर क्ष³ नेच, कारण बहुलता ३ आहे. उरतं झ₁³ − क्ष² − क्ष²झ₁⁵ = ०. क्ष = ० ठेवलं तर झ₁³ = ०, म्हणजे वर एकच बिंदू आहे आणि तिथे सर्वांत लहान पद −क्ष², बहुलता २.

पुढच्या पायरीला स्पर्शिका बदलली आहे. आता ती क्ष = ० आहे, म्हणून या वेळी क्ष = झ₁·क्ष₁ ठेवायचं. सवयीने पुन्हा झ₁ = क्ष·झ₂ ठेवलं तर क्ष² ने भागल्यावर क्ष = ० वर −१ = ० असं निघतं. म्हणजे त्या चार्टमध्ये, त्या चलांच्या जोडीत, बिंदूच नाही. बिंदू गेलेला नसतो, तो दुसऱ्या चार्टमध्ये असतो. योग्य चार्टमध्ये झ₁² ने भागल्यावर झ₁ − क्ष₁² − झ₁⁵क्ष₁² = ० मिळतं. यात झ₁ हे एक घाताचं पद आहे, म्हणून बिंदू स्मूथ. काम संपलं.

बहुलतांची माळ ३, २, १. डेल्टा = ३ + १ = ४. जीनस = ६ − ४ = २.

एक सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्थानिक समीकरण झᵃ = क्षᵇ अशा रूपाचं असेल आणि दोन्ही घातांकांत सामाईक अवयव नसेल, तर बहुलतांची माळ युक्लिडच्या भागाकारातून थेट मिळते. ५ ला ३ ने एकदा भाग जाऊन २ उरतात, ३ ला २ ने एकदा जाऊन १ उरतो: बहुलता ३ एकदा, २ एकदा, मग १. घातांक ५ आणि ७ असतील तर ५ एकदा, २ दोनदा, मग १. डेल्टा = १० + १ + १ = १२. हाच आकडा (५ − १)(७ − १)/२ नेही येतो. दोन्ही जुळले नाहीत तर माळेत गडबड आहे.

वहीत प्रत्येक सिंग्युलर बिंदूला एक ओळ द्या आणि त्यात बिंदू, चार्ट, स्थानिक समीकरण, बहुलतांची माळ, शाखांची संख्या, डेल्टा हे लिहा. शाखांचा, म्हणजे बिंदूतून वक्राचे किती धागे जातात त्याचा, रकाना गाळू नका. कॅरॅक्टरिस्टिक शून्य असेल तर मिल्नर संख्या = २ × डेल्टा − शाखा + १ हा मेळ त्याच्यावरच घालता येतो. मिल्नर संख्या हे सिंग्युलर बिंदूचं आणखी एक माप; झᵃ = क्षᵇ सारख्या बिंदूला ती (a − १)(b − १). आपल्या बिंदूची मिल्नर संख्या (३ − १)(५ − १) = ८, शाखा १, म्हणून डेल्टा ४. जुळलं. धन कॅरॅक्टरिस्टिकमध्ये हे सूत्र मोडू शकतं, तिथे ब्लो-अपवरच भिस्त ठेवा.

दुसरा मार्ग: रीमान–हुर्विट्झ

आता सिंग्युलर बिंदू पूर्ण विसरा. वक्रावरून क्ष-अक्षाकडे जाणारा मॅप पाहा. प्रत्येक क्षसाठी य च्या दोन किमती, म्हणून डिग्री २. ज्या क्षवर दोन्ही किमती एकच होतात तिथे रॅमिफिकेशन. क्ष⁵ + १ ची पाच मुळं झाली. अनंतावर घात विषम असल्याने एकच बिंदू आहे, तोही धरायचा. एकूण ६.

२ × जीनस − २ = २ × (−२) + ६ = २, म्हणून जीनस २.

य² = क्ष⁴ + १ मध्ये मात्र घात सम आहे. अनंतावर दोन वेगळे बिंदू निघतात आणि तिथे रॅमिफिकेशन नाही. चारच मोजायचे, जीनस १. सवयीने अनंत धरलं तर पाच होतात आणि २ × जीनस − २ = १ असं येतं. विषम संख्या आली की तीच चुकीची खूण. पहिल्या मार्गाने पाहिलं तर झ² = क्ष⁴ + झ⁴, बहुलता २ आणि २, शाखा दोन, डेल्टा २, आणि ३ − २ = १.

तिसरा मार्ग, अनंतावरच्या पोलवरून

य² = क्ष⁵ + १ च्या अनंतावरच्या एकुलत्या बिंदूपाशी क्ष चा पोल (किंमत अनंताकडे जाण्याचा वेग) २ क्रमाचा आणि य चा ५ क्रमाचा. २ आणि ५ यांच्या बेरजांनी ज्या धन संख्या बनत नाहीत त्या लिहा: १ आणि ३, बस्स. या रिकाम्या जागा जितक्या तितका जीनस. वायरश्ट्रासचा हा विचार मला सगळ्यांत देखणा वाटतो, कारण त्यात आकडेमोड जवळपास नाही आणि बिंदूविषयीची माहिती मात्र सूत्रापेक्षा जास्त मिळते. अट अशी की अनंतावर एकच बिंदू, एकच शाखा हवी, बाकी वक्र स्मूथ हवा आणि पोलच्या दोन्ही क्रमांत सामाईक अवयव नसावा.

सांत फील्डवर तपासणी

वेळ असेल तर ११ च्या फील्डवर बिंदू मोजा. क्ष = ० ला य² = १, दोन बिंदू. शून्य सोडून पाच वर्ग-संख्यांवर क्ष⁵ = १, म्हणून य² = २. ११ च्या फील्डमध्ये २ हा वर्ग नाही, एकही बिंदू नाही. उरलेल्या पाचांवर क्ष⁵ = −१, य² = ०, प्रत्येकी एक. अनंतावरचा एक. एकूण ८. हॅसे–वेलची मर्यादा सांगते की ही संख्या ११ + १ = १२ पासून २ × जीनस × √११ पेक्षा जास्त दूर नसते. फरक ४ आहे. जीनस शून्य असता तर फरक शून्यच आला असता, म्हणजे जीनस किमान १. या तपासणीने चुकीचं उत्तर खोडता येतं, बरोबर उत्तर सिद्ध होत नाही.

प्राइम निवडताना भान ठेवा. ५ च्या फील्डवर क्ष⁵ + १ = (क्ष + १)⁵ होतं, पाच मुळांचं एकच मूळ होतं आणि जीनस घसरून शून्यावर येतो. क्ष⁵ + १ चा डिस्क्रिमिनंट ३१२५, म्हणजे ५⁵, आणि त्यातच हा धोका आधी दिसतो. य² मुळे प्राइम २ सुद्धा टाळायचा.

जे बिंदू चित्रात कधीच दिसत नाहीत

आडव्या आठच्या आकाराचा लेम्निस्केट, (क्ष² + य²)² = क्ष² − य². घात ४, अरिथमेटिक जीनस ३. मध्यावरचा छेद सगळ्यांना दिसतो. तो नोड, म्हणजे दोन वेगळ्या स्पर्शिकांचा साधा छेद आहे, डेल्टा १. ३ − १ = २ लिहून थांबलात तर चुकलात. समघाती करून झ = ० ठेवा: (क्ष² + य²)² = ०, म्हणजे [१ : ±√−१ : ०] हे दोन बिंदू. क्ष = १, य = √−१ + ट असं ठेवून विस्तार केला की सर्वांत लहान पदं −४ट² − २झ² येतात. दोन वेगळ्या स्पर्शिका, म्हणून हाही नोड, आणि त्याचा जोडीदारही नोड. एकूण डेल्टा ३, जीनस ० आणि वक्र परिमेय, म्हणजे त्याचे बिंदू एकाच चलाच्या भागाकारांनी मांडता येतात. पडताळा म्हणून (इथला ट हा नवा चल)

क्ष = ट(१ + ट²)/(१ + ट⁴), य = ट(१ − ट²)/(१ + ट⁴)

मूळ समीकरणात घालून पाहा. दोन्ही बाजू ४ट⁴/(१ + ट⁴)² येतात.

हाताने झाल्यावर सॉफ्टवेअर

सेजमॅथ फुकट आहे आणि ब्राउझरमधल्या सेजमॅथ सेलवर काहीही न बसवता चालतं. सिंग्युलर नावाची प्रणाली खास याच कामासाठी आहे. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न विद्यापीठात ती विकसित झाली, आणि जीनस, डेल्टा, मिल्नर संख्या, बहुलतांची माळ या सगळ्यांच्या तयार आज्ञा तिच्या लायब्रऱ्यांत मिळतात.

दोन ठिकाणी फसायला होतं. सेजमध्ये वक्राचे सिंग्युलर बिंदू मागितले की तो वक्राच्या मूळ फील्डमधलेच बिंदू देतो. लेम्निस्केट परिमेय संख्यांवर मांडला तर यादीत फक्त आरंभबिंदू येतो, √−१ वाले दोन येत नाहीत. फील्डमध्ये √−१ जोडून पुन्हा विचारा. आणि वक्र समघाती न करता दिला असेल तर अनंतावरचे बिंदू यादीत कधीच येणार नाहीत. जीनसची थेट आज्ञा हे सगळं आतल्या आत सांभाळते, म्हणून थेट जीनस आणि यादीवरून तुम्ही काढलेला जीनस यांत फरक पडला तर आधी यादीवर संशय घ्या.

घात वाढला की परिमेय संख्यांवरची गणितं सहगुणकांच्या लांबीखाली दबून जातात. मग ३२००३ सारखा मोठा प्राइम घेऊन त्या फील्डवर चालवायची पद्धत आहे. प्राइम ५ ची गोष्ट वर पाहिलीच, म्हणून दोन वेगळ्या प्राइमवर तेच उत्तर येतं का ते पाहा.

जीनस सारखा, वक्र वेगळे

य² = क्ष⁷ + १ आणि य³ = क्ष⁴ + १ घ्या. पहिल्याचा अरिथमेटिक जीनस १५, अनंतावर झ⁵ = क्ष⁷ सारखा बिंदू, डेल्टा १२, जीनस ३. दुसरा चार घाताचा आणि अनंतावरही स्मूथ, काही वजा होत नाही, जीनस ३. रिकाम्या जागा मात्र वेगळ्या: २ आणि ७ साठी १, ३, ५, आणि ३ व ४ साठी १, २, ५. पहिल्यावरून रेषेकडे डिग्री २ चा मॅप आहे. दुसरा प्रतलातला स्मूथ चौघाती वक्र, त्यावरून डिग्री २ चा मॅप निघतच नाही, किमान ३ लागते. या किमान डिग्रीला गोनॅलिटी म्हणतात. जीनस ३ च्या सगळ्या वक्रांचं कुटुंब सहा मितींचं असतं आणि त्यात पहिल्या जातीचे, म्हणजे हायपरएलिप्टिक, पाच मितींत मावतात. जीनसनंतर कुठला इन्व्हेरियंट काढायचा असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर गोनॅलिटी. संरचनेचा भेद तिथे पहिल्यांदा उघड होतो.

नाशिकमध्ये बसून

कॉलेज रोड काय, गंगापूर रोड काय, तिथल्या कॉलेजांतून एम.एस्सी. करताना या विषयाचा मार्गदर्शक शेजारच्या खोलीत असेलच असं नाही. पण वरचं सगळं काम वही, पेन आणि फोनवरचा ब्राउझर यांत होतं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ चा गुणधर्म १९४९ मध्ये मांडला तोही हातच्या आकडेमोडीच्या बळावर. वक्रांच्या विषयात तर श्रीराम अभ्यंकरांचा वारसा आहे. धन कॅरॅक्टरिस्टिकमधल्या पृष्ठभागांच्या सिंग्युलॅरिटी सोडवण्याचं त्यांचं काम १९५६ चं, आणि त्यात वर केलेल्या ब्लो-अपचाच फार पुढचा आविष्कार आहे. शून्य कॅरॅक्टरिस्टिकमध्ये सगळ्या मितींसाठी हिरोनाकांनी १९६४ मध्ये ते केलं. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान अभ्यंकरांनीच १९७६ मध्ये सुरू केलं. सेमिनारसाठी ते, आयसर पुणे आणि विद्यापीठाचा गणित विभाग, तर मुंबईला टीआयएफआर आणि आयआयटी. आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांनी मिळून चालवलेल्या राष्ट्रीय गणित केंद्राच्या फाउंडेशन स्कूल्सना अर्ज करा. बीजगणिताचा पाया तिथे कसून घेतला जातो.

निबंध शोधायला झेडबीमॅथ ओपन ही गणिती निबंधांची ऑनलाइन सूची २०२१ पासून सर्वांना मोफत आहे. वर्गवारीचा क्रमांक १४एच म्हणजे वक्र, आणि १४एच२० म्हणजे वक्रांच्या सिंग्युलॅरिटी. शब्दांनी शोधण्यापेक्षा या क्रमांकाने शोधा, निम्मा कचरा आपोआप गळतो. निबंध अर्काइव्ह (arXiv) या मोफत संकेतस्थळावर बहुधा मिळतोच. वाचायला घेतल्यावर त्यातला पहिला ठोस वक्र उचला आणि लेखकाने दिलेला जीनस वर दिलेल्यांपैकी दोन मार्गांनी स्वतः काढा. तोवर पुढचं पान उलटू नका.

सरावासाठी य⁴ = क्ष⁶ + १. घात ६, अरिथमेटिक जीनस १०, अनंतावर झ² = क्ष⁶ सारखा बिंदू, शाखा दोन. रीमान–हुर्विट्झसाठी डिग्री ४ चा मॅप घ्या. क्ष⁶ + १ च्या सहा मुळांवर प्रत्येकी ३, आणि अनंतावरच्या दोन बिंदूंवर प्रत्येकी १ असं रॅमिफिकेशन आहे. दोन्हीकडून ७ यायला हवा. १० आला तर अनंत राहिलं, ९ आला तर ब्लो-अप पहिल्याच पायरीला थांबवलं, आणि ८ आला तर शेवटचा बहुलता २ चा बिंदू अजून वर शिल्लक आहे.